जळालेल्या पद्मिनीच्या हिशोबात सुटलेला रकाना

जुनी गाडी जळाली की तिच्याबद्दलचा पहिला निकाल मेकॅनिक देत नाही, कागद देतो. मोटार विम्याच्या प्रमाणित अटींनुसार दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरवलेल्या विमामूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. चार वर्षांच्या गाडीला हा नियम शहाणपणाचाच आहे. पण १९८५ सालच्या प्रीमियर पद्मिनीचे विमामूल्य समजा ४० हजार रुपये धरलेले असेल, तर ३० हजारांपुढचे काम निघताच ती कागदोपत्री संपते. बॉनेटखाली लागलेली आणि चार घमेली मातीत विझलेली आगसुद्धा तेवढे काम सहज काढते. वायरिंग, कार्ब्युरेटर, पेट्रोलचे आणि पाण्याचे होस, बॉनेटचा पत्रा, रंग एवढे धरले तरी आकडा ओलांडला जातो. त्यातून जुन्या गाड्यांचे बरेच मालक नुसता थर्ड पार्टी विमा उतरवतात. त्यात स्वतःची गाडी जळाल्याचा छदामही मिळत नाही. मग आठवडाभरात भंगारवाला किलोचा भाव सांगून जातो आणि घरातले सगळे म्हणतात, देऊन टाका. माझे म्हणणे असे की या हिशोबात एक रकाना सुटलेला आहे. ती गाडी ओळखणाऱ्या, तशीच गाडी बाळगणाऱ्या माणसांच्या मदतीचा तो रकाना. तो भरला की बेरीज बदलते. आणि ती हळवेपणाने नव्हे, रुपयांत बदलते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत तर तो भरायला लागणारी माणसे इतर बहुतेक ठिकाणांपेक्षा जास्त आहेत.

जुन्या मोटारी म्हटल्या की मुंबईची रॅली नाहीतर पुण्याचा कॅम्प डोळ्यांसमोर येतो. शिरूर-दौंडचे नाव कुणी घेत नाही. पण जळालेली गाडी मिरवणुकीत उभी राहत नाही, ती फिटर, टर्नर, वेल्डर, डेंटर आणि वायरमन यांच्या हातून उभी राहते. रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला मोटारीचा कारखाना आहे. त्याच वसाहतीत फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणारे कारखाने आहेत, म्हणजे पातळ पत्रा दाबणे, वाकवणे आणि रंगवणे हे काम जाणणारी माणसे आसपासच्या गावांत राहतात. कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या शेडची रांग आहे. दौंडला वाफेच्या इंजिनांच्या काळापासून रेल्वेची लोको शेड. तिथल्या कामगारांच्या पिढ्या लोखंडात हात काळे करून निवृत्त झाल्या. उसाच्या ट्रॉल्यांचे मोडलेले सांधे हंगामात रात्री-बेरात्री जोडून देणारे वेल्डर तर गावोगाव आहेत. पद्मिनीचे मूळही इथून फार लांब नाही. प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये काढणाऱ्या वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातले. पुढे १९६४ पासून कुर्ल्याला फियाट ११०० डिलाइट बनू लागली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि लोकांनी शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटले. गंमत अशी की आज फियाटचा कारखाना शिरूर तालुक्यात आहे, २०१७ पासून जीप कंपासही तिथेच बनते, आणि तरीही जुन्या फियाटचा किंवा जुन्या जीपचा एक बोल्टसुद्धा त्या फाटकातून मिळायचा नाही. तो मिळणार तुमच्याआमच्यासारख्या दुसऱ्या मालकाच्या माळ्यावरून.

आगीने नेमके काय बिघडते हे नीट पाहिले तर मदतीचा अर्थ कळतो. आग गाडीभर सारखी लागत नाही, आणि जे वितळले त्यावरून कुठे किती तापले हे वाचता येते. रेडिएटरचा कथलाचा डाग १८० अंशांच्या आसपास सुटतो. जस्ताच्या मिश्रधातूचा कार्ब्युरेटर ३८० अंशांच्या पुढे ओघळू लागतो. ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात. म्हणजे कार्ब्युरेटर ओघळला पण पद्मिनीचे ॲल्युमिनियमचे हेड कडा न मोडता शाबूत असले, तर इंजिनाच्या आतले भाग वाचले असण्याची चांगली शक्यता आहे. हेड लेथवाल्याकडे नेऊन सपाटी तपासायची आणि मगच आशा धरायची. मागच्या पाट्यांचे आणि पुढच्या स्प्रिंगचे पाणी उतरले का, हे गाडी एका बाजूला बसली का यावरून निम्मे कळते. छताचा पत्रा लाटेसारखा उठला असेल तर तो सरळ करण्याच्या नादी न लागता बदललेला बरा. हे सगळे सांगणारा माणूस पहिल्या दोन दिवसांत गाडीजवळ असणे महत्त्वाचे. कारण खरा शत्रू आगीनंतर येतो. वायरींचे आणि सीटचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, विझवण्याच्या पाण्यात मिसळून त्याचे आम्ल होते, आणि रंग जळून उघड्या पडलेल्या पत्र्यावर रात्रीतून तांबेरा चढतो. पहिल्या दोन दिवसांत गाडी भरपूर पाण्याने आणि खायच्या सोड्याने धुऊन, सुकवून, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडले तर वाचणारा पत्रा आणि वाचणारे इंजिन दोन आठवडे तसेच पडले तर वाचत नाही.

इथेच विम्याचे घड्याळ आणि गंजाचे घड्याळ एकमेकांच्या विरुद्ध चालतात. सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, ही विम्याची अट वाजवी आहे. पुरावा पुसला जाऊ नये एवढाच तिचा हेतू. पण सर्व्हेअर येणार, पोलिसांचा पंचनामा मिळणार, अग्निशमन दलाचा दाखला हातात पडणार, तोवर मालक सुन्न होऊन बसलेला असतो आणि पत्रा खात जातो. अनुभवी चार माणसे असतील तर ती दोन्ही घड्याळे सांभाळतात. प्रत्येक बाजूचे तारखेसह फोटो काढतात, सर्व्हेअरला तातडीने बोलावून धुण्यापुरती लेखी परवानगी मागतात, आणि ती मिळाल्यावर त्याच संध्याकाळी पाइप लावतात. या मदतीला पैसे जवळजवळ लागत नाहीत. ती न मिळाल्याचे पैसे मात्र पुढे डेंटरच्या बिलात मोजावे लागतात. हौशी मंडळींच्या मदतीबद्दल बोलताना आपण नेहमी एखाद्याने दिलेल्या दुर्मीळ हेडलाइटची गोष्ट सांगतो. माझ्या मते सगळ्यात मोलाची मदत या पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतली असते आणि तिचा फोटो कुणी काढत नाही.

सुट्या भागांचा प्रश्न त्यानंतरचा. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीला असलेली २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर भाग बनवणाऱ्याला गिऱ्हाईक होते. आता उरलेला माल कुर्ल्याच्या भंगारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मालकांच्या घरात विखुरलेला आहे. अशा वेळी एकट्या मालकाला दरवाजाच्या एका काचेसाठी सहा महिने हिंडावे लागते, आणि दहा मालकांनी आपापल्याकडे काय पडून आहे याची एक यादी ठेवली तर तीच काच एका फोनवर सापडते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नमुना. वायरिंग पूर्ण जळालेल्या गाडीत कुठली तार कुठून गेली होती हे सांगायला तशीच धडधाकट गाडी शेजारी उभी लागते. तिच्यावरून लांबी, जाडी आणि रंग उतरवून घेतले की दौंडचा कुठलाही चांगला वायरमन नवा संच बांधून देतो. एका मालकाने रविवारी आपली गाडी दिवसभर उभी करून दिली, तर विमा कंपनीच्या अंदाजपत्रकातला ‘भाग उपलब्ध नाही’ हा शेरा निकालात निघतो.

हे काम केवढे मोठे होऊ शकते याचा दाखला इंग्लंडात आहे. बर्मिंगहॅमजवळच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियमला सप्टेंबर २००३ मध्ये आग लागली आणि सुमारे ३८० जुन्या मोटारसायकली तिच्यात सापडल्या. डिसेंबर २००४ मध्ये ते संग्रहालय पुन्हा उघडले, आणि जळून काळ्या पडलेल्या सांगाड्यांपैकी कित्येक गाड्या पुन्हा चाकांवर उभ्या होत्या. जिथे गाड्या ओळखणारे कारागीर आणि भाग जपून ठेवणारे लोक शिल्लक असतात तिथेच हे जमते. दुसरे टोक पाहा. १९५४ सालची एक फेरारी ५०० मोंडियल शर्यतीतल्या अपघातात जळाली, तिचा चुरगळलेला सांगाडा दशकानुदशके तसाच राहिला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात तो १८ लाख ७५ हजार डॉलरला गेला. फेरारीला मित्र लागत नाहीत, बाजार पुरतो. पद्मिनीला, अँबॅसिडरला, जुन्या जीपला बाजार नाही; म्हणून तिथे माणसे लागतात. जुन्या गाड्या म्हणजे श्रीमंतांची हौस, हा आक्षेप नेहमी येतो, आणि राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइसबद्दल तो खराही आहे. पण परवाना राजमध्ये वर्षानुवर्षे नंबर लावून मिळवलेली फियाट आज ज्यांच्या वाड्यात उभी आहे त्यांच्यातले बरेच जण पेन्शनवर किंवा शेतीवर जगणारे लोक आहेत. श्रीमंताची जळालेली गाडी कशीही वाचते. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

कायद्याबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा. जळालेली गाडी मोडीत काढलीच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रांसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये जे नियम आले त्यांत आगीत सापडलेल्या वाहनांचा उल्लेख जरूर आहे, पण मालकाने स्वतः ते भंगार असल्याचे जाहीर केले तरच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले तर चौदा दिवसांत कळवायला सांगते. ‘कायमचे’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे. आगीच्या तिसऱ्या दिवशी, धुरात काळ्या झालेल्या गाडीकडे पाहून तो शब्द उच्चारण्याचा अधिकार कुणालाच नसतो. कायदा सवड देतो. घाई करायला लावतात ते पैसे आणि जागेची अडचण.

खरी अडचण व्याख्येत आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल, मूळ रूपात असेल आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसेल, तर २० हजार रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. गाडी रोज वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांपुरतीच बाहेर काढायची. कल्पना चांगली. पण १९८५ ची पद्मिनी २०३५ पर्यंत या दारात शिरू शकत नाही, आणि तोवर तिला फक्त जुने वाहन म्हणून वागवले जाते. २० वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क २०२५ मध्ये १० हजार रुपये झाले आहे. विम्याची तऱ्हा आणखी निराळी. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये मालक आणि कंपनी यांनी आधीच ठरवलेल्या रकमेचा विमा फक्त विंटेज गाडीला दिला, आणि विंटेज म्हणजे १९४० च्या अखेरीपूर्वी बनलेली. एका खात्याच्या मते विंटेज ५० वर्षांनी होते, दुसऱ्याच्या कागदावर ती दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच थांबली. स्वतंत्र भारतात बनलेली एकही गाडी त्या दुसऱ्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे ज्या गाड्यांनी या देशातला मध्यमवर्ग पहिल्यांदा चाकांवर बसवला, त्यांच्या आगीची भरपाई मोजायला आपल्याकडे मोजमापच नाही.

आणि समजा १९६८ ची डिलाइट जळाली, मालकाने दुसऱ्या डिलाइटचे छत आणि पुढचा भाग आणून जोडला, तर तो ‘फेरफार’ की ‘दुरुस्ती’? ती तीच गाडी राहिली का, असे लोक विचारतात, आणि प्रश्न फालतू नाही. माझे उत्तर असे की ओळख जपायची ती नोंदीने. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेचा गाभा हाच आहे: मूळचे शक्य तेवढे ठेवा, नवे घातले ते ओळखू येऊ द्या, आणि केलेले सगळे लिहून ठेवा. जळालेल्या गाडीत ॲल्युमिनियमची पट्टी वितळून जाते पण पत्र्यात ठोकलेला चासी नंबर घासला तर वाचता येतो. तो नंबर, आगीपूर्वीचे आणि नंतरचे फोटो, पंचनामा, कुठला भाग कुठल्या गाडीतून आला याची नोंद, वेल्डिंग कुठे झाले याचा नकाशा, एवढी फाइल आरटीओने स्वीकारावी आणि तसे परिपत्रक काढावे. दौंडकर ती बारामतीला नेतील, शिरूरकर पुण्याला. चोरीच्या गाड्यांना या वाटेने नवे कागद मिळतील ही भीती रास्त आहे. म्हणूनच तोंडी खात्रीऐवजी फाइल हवी. जिथे नोंद नसते तिथेच चोराचे फावते.

प्रदूषणाचा आणि सुरक्षिततेचा आक्षेप मी हलका मानत नाही. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, धूर जास्त. पण वर्षाला काही शे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा धूर आणि रोज पुणे-नगर रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा धूर एका मापाने मोजणे हा न्याय नव्हे. वापरावर बंधन घाला, अस्तित्वावर नको. सुरक्षिततेचे मात्र वेगळे. आगीतून उठवलेली गाडी पुन्हा जळणार नाही याची हमी द्यायलाच हवी. इथे उसाच्या पट्ट्यात बोलायला थोडे अवघड असे सत्य आहे. भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा ऊस आता साखरेइतकाच इथेनॉलसाठी महत्त्वाचा आहे, आणि २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशभर आले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण चाळीस वर्षांपूर्वीचे रबर या इंधनासाठी बनलेले नव्हते. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागतील असे पेट्रोलियम मंत्रालयानेही सांगितले आहे. भेगाळलेल्या होसमधून झिरपलेला थेंब गरम मॅनिफोल्डवर पडायला वेळ लागत नाही, आणि अँबॅसिडरमध्ये तर कार्ब्युरेटर त्याच्या डोक्यावरच बसलेला असतो. म्हणून दुरुस्तीत इथेनॉल चालणारे होस, मुख्य तारेवर फ्यूज, बॅटरीला कट-ऑफ स्विच आणि सीटखाली अग्निशामक हे चार खर्च मूळ रूपाच्या हट्टापायी टाळणाऱ्याला मी हौशी म्हणणार नाही.

आता हौशी मंडळींना न आवडणारा एक मुद्दा. ‘सगळ्यांनी मिळून गाडी उभी केली’ या वाक्यात कधी कधी एका डेंटरची आणि एका वायरमनची मजुरी बुडालेली असते. मालकांनी एकमेकांना भाग द्यावेत, जागा द्यावी, रविवार द्यावा; ती मदत. पण ज्याचे पोट त्या कामावर आहे त्याच्याकडून हौसेच्या नावाने फुकट किंवा अर्ध्या पैशात काम करून घेणे ही मदत नव्हे. त्याच्यावर हौस लादलेली असते. उलट मदतीचा रकाना भरल्यामुळे जे पैसे वाचतात ते कारागिराला पुरे द्यायला वापरावेत. ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाची लाइन आणि वायरिंग ही कामे तर हौशी हातांनी करूच नयेत, भले त्यांना कितीही येत असो. तालुक्याच्या आयटीआयत मोटर मेकॅनिक, वेल्डर, शीट मेटलचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना अशी एखादी गाडी वर्षभर सरावाला मिळाली तर त्यांना जे शिकायला मिळेल ते लॅपटॉप जोडून कोड वाचण्यात मिळत नाही. पण तिथेही निदेशक उभा असला पाहिजे आणि शेवटची तपासणी बाहेरच्या माणसाने केली पाहिजे.

शेवटी, प्रत्येक गाडी वाचवू नये हेही सांगायला ओळखीचा माणूसच लागतो. जुन्या जीपची चासी वेगळी असते. वरचा पत्रा पूर्ण गेला तरी खालचा सांगाडा तपासून पुढे जाता येते. पद्मिनी आणि अँबॅसिडर यांचे तसे नाही. त्यांची बॉडीच चासी असते. पेट्रोलच्या टाकीपर्यंत आग पोचून खालचे पेटीसारखे बार पिळवटले असतील, दरवाजे चौकटीत बसत नसतील, तर कितीही मित्र गोळा केले तरी ती गाडी चाळीसच्या वेगाला सरळ धावणार नाही. विम्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा हा निकष जास्त खरा आहे, आणि तो लावायला कर्णाची दोन मापे आणि एक दोरी पुरते. अशा गाडीचा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, काचा, हँडल उतरवून यादीत चढवावेत, उरलेला सांगाडा नोंदणीकृत भंगार केंद्राला देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओत नंबर रद्द करावा. मात्र हे ठरवायला निदान तीन महिने मिळावेत, तेवढा काळ विमा कंपनीने सांगाडा लिलावात काढू नये आणि मालकाला तो ठेवायचा असेल तर किमतीत घासाघीस करू नये. एवढे करायला नवा कायदा लागत नाही. पॉलिसीच्या कागदावर एक कलम वाढवले की भागते.